हस्तलिखित घराबाहेर पडतांना

सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक तरी लिहिणारें माणूस असतेंच. कोठें आजोबा सेवानिवृत्तीनंतर आठवणी लिहीत असतात, कोठें कॉलेजांत जाणारी नात कविता करते, तर कोठें घरांतील सून रात्रीं झांकपाक झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावरच वही उघडून बसते. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें; त्यामुळें अशा वह्या आमच्याकडे पुष्कळ येतात. वही देणारा बहुधा एकच प्रश्न करतो : "गुरुजी, हें छापून येईल का?" या प्रश्नास पूर्वीं आम्ही मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर देत असूं. आतां देत नाहीं. तो आत्मविश्वास आमच्या घरांतच कसा गेला, आणि त्याच्या जागीं जें थोडेंसें ज्ञान आलें तें कोणतें, हें नव्या लिहिणारांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें सांगत आहों.

पांच वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं एक कथा लिहिली व संकोचानें आमच्यापुढें ठेवली. त्यांच्या माहेरीं एक विधवा आत्या होती. तिला अक्षरओळख नाहीं असेंच सगळें घर समजत असे. ती वारल्यावर तिची लोखंडी पेटी उघडली, तेव्हां लुगड्यांच्या तळाशीं पहिल्या इयत्तेचें मराठी पुस्तक सांपडलें; आणि त्याच्या कोऱ्या जागांत आत्यानें स्वतःचें नांव पेन्सिलीनें शेंकडों वेळां लिहिलेलें होतें. एवढीच ती कथा. तिचा आरंभ असा होता : आत्याची पेटी कोणी उघडायची यावरून सकाळींच दोघी काकूंची बोलाचाली झाली.

आम्हांस हा आरंभ फारच साधा वाटला. तांबडी शाई घेऊन आम्हीं 'मृत्यूच्या कराल छायेनें ग्रासलेल्या त्या वास्तूंत' अशा थाटाचें एक वाक्य अगोदर घातलें. 'बोलाचाली'च्या ठिकाणीं 'वाग्युद्ध' केलें. शेवटीं स्त्रीशिक्षणाच्या महत्त्वावर बारा ओळींचा परिच्छेद जोडला. सूनबाईंनीं कांहींएक न बोलतां तशी स्वच्छ प्रत केली. आम्हींच ती एका मासिकाकडे पाठविली. आणि दोन महिन्यांनीं 'साभार परत' एवढ्या दोन शब्दांसह ती घरीं आली. संपादकास मराठी कळत नाहीं, असा निकाल आम्हीं त्या दिवशीं जेवतांना सर्वांदेखत दिला.

पुढें वर्षभरानें दुसऱ्याच एका मासिकाचा अंक टपालानें घरीं आला. त्यांत ती कथा होती. पण आमची नव्हे, सूनबाईंची. पहिल्या ओळींत दोघी काकू भांडत होत्या. आमचा बारा ओळींचा परिच्छेद कोठेंच नव्हता. पेन्सिलीनें लिहिलेल्या त्या नांवापाशींच कथा थांबली होती. आम्हीं अंक हातांत घेऊन विचारलें, तेव्हां त्या खालीं पाहून म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही लिहिलं होतं ते सुंदर होतं; पण आमची आत्या तशी नव्हती."

हें वाक्य आम्हांस कित्येक दिवस बोंचत राहिलें. विचार करतां करतां एक गोष्ट मात्र उलगडली. लिखाण घरांत असतें तोंवर तें घरच्यांच्या प्रेमावर जगतें. घराबाहेर पडल्यावर तें परक्याच्या हातीं जातें. घरच्यांस लिहिणारा ठाऊक असतो, त्याची आत्या ठाऊक असते, त्यानें पानावर जें लिहिलें नाहीं तेंही ठाऊक असतें. परक्यास यांपैकीं कांहींच ठाऊक नसतें. त्याला पानावरच आत्या दिसावी लागते. आमच्या अलंकारांनीं झालें तें इतकेंच कीं, जी आत्या दिसत होती ती झांकली गेली. नव्या लेखकास आमचें सांगणें या एका गोष्टीभोंवतींच फिरणारें आहे : परक्यासाठीं लिहा, परक्याच्या नजरेनें तपासा, आणि परक्याशीं करावा तसा नीट व्यवहार करा.

या बाबतींत आमचे गुरु एक फार जुने गृहस्थ आहेत. राजशेखर हा महापंडित सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास होता. आपले पूर्वज अकालजलद यांस तो महाराष्ट्राचे चूडामणि म्हणवितो. तेव्हां त्यास आपलाच म्हणावयास हरकत नाहीं. त्याचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्यास गायकवाड ओरिएंटल सीरीजचा पहिला ग्रंथ म्हणून छापून निघाला. काव्य कसें असावें हें सांगणारे ग्रंथ संस्कृतांत पुष्कळ. परंतु लिहिणाऱ्या माणसानें दिवस कसा घालवावा, लिहिलेलें कोणापुढें वाचावें व कोणापुढें वाचूं नये, प्रती किती ठेवाव्या, हें सांगणारा ग्रंथ विरळा. आम्हीं तो दोनदां वाचला होता, टिपणेंही काढलीं होतीं. आचरणांत मात्र आणला नव्हता.

राजशेखर कवीच्या दिवसाचे चार भाग करतो. पहिला प्रहर अभ्यासाचा, दुसरा लेखनाचा, भोजनोत्तर तिसरा रसिकांशीं चर्चेचा, आणि चौथा सकाळीं लिहिलेलें तपासण्याचा. ही तपासणी त्यानें मुद्दाम वेगळ्या वेळीं ठेविली आहे. लिहितांना माणूस रसाच्या भरांत असतो. त्या वेळीं निवड करणारी दृष्टि त्याच्यापाशीं नसते, असें कारण तो देतो. आजच्या लेखकास प्रहर पाळणें शक्य नाहीं. पण लिहिलेली कथा पंधरा दिवस कपाटांत ठेवून मग बाहेर काढणें कोणासही शक्य आहे. पंधरा दिवसांनीं आपण स्वतःच आपल्या कथेस थोडे परके झालेले असतों, आणि तेंच हवें असतें.

तपासतांना काय करावें हेंही त्यानें चार कलमांत सांगून ठेविलें आहे : अधिक असेल तें टाकावें, उणें असेल तें भरावें, भलत्या जागीं पडलें असेल तें हालवावें, आणि विसरलें असेल तें आठवून घालावें. आम्ही असें सुचवितों कीं, चारही कामें एकाच वाचनांत करूं नयेत. चार वेळां वाचावें व प्रत्येक वेळीं एकच काम करावें.

यांपैकीं पहिलें काम सर्वांत जड जातें. आपलें वाक्य कापणें म्हणजे आपल्याच पोराला दटावण्यासारखें आहे. त्यासाठीं एक साधी कसोटी सांगतों. एखादें वाक्य काढून टाकून पाहावें. कथेंतील माणसांस त्यानें कांहीं कमी पडत नसेल आणि फक्त लेखकासच हळहळ वाटत असेल, तर तें वाक्य अधिक समजावें. आमचें 'कराल छायेचें' वाक्य असेंच होतें. हल्लींच्या हस्तलिखितांत पहिला परिच्छेद बहुधा सूर्योदयाचा, पावसाचा किंवा खिडकींतून बाहेर पाहण्याचा असतो. तो काढून दुसऱ्या परिच्छेदापासून वाचावें. दहांपैकीं आठ वेळां कथा तेथेंच सुरू झालेली आढळेल.

दुसरें काम, उणें भरण्याचें, घरच्या माणसांस साधतच नाहीं. ज्या संपादकांनीं सूनबाईंची कथा घेतली त्यांनीं छापण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारले होते : आत्या कितव्या वर्षीं माहेरीं परत आली? आणि पहिल्या इयत्तेचें पुस्तक तिच्या पेटींत आलें कोठून? सूनबाईंस दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. इतक्या ठाऊक होत्या कीं, लिहावयास हव्यात हेंच सुचलें नव्हतें. त्यांनीं दोन वाक्यें घातलीं. आत्या सतराव्या वर्षीं परत आली, हें पहिलें. दुसरें असें : दादाचें पहिलीचें पुस्तक हरवलें म्हणून त्याला ज्या वर्षीं मार बसला होता, त्या वर्षींचें तें पुस्तक होतें. वाचकहो, या एका वाक्यानें ती कथा कोठल्या कोठें गेली हें आम्ही काय सांगावें! एका लहान मुलाला मार बसत असतां गप्प राहिलेली, आणि तरीही पुस्तक परत न देणारी आत्या त्या वाक्यांत उभी राहिली. आमच्या हातांत ती कथा महिनाभर होती. पुस्तक कोठून आलें हा प्रश्न आम्हांस एकदांही पडला नाहीं. आम्ही 'वाग्युद्ध' शोधीत होतों.

राजशेखराचे आणखी दोन इशारे लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. अर्धवट लिहिलेलें कोणास वाचून दाखवूं नये. दाखविलें तर तें अर्धवटच राहतें. आमच्या पाहण्यांतील तीन कादंबऱ्या अशा प्रकारें दिवाणखान्यांतच संपल्या. पहिल्या प्रकरणाची वाहवा झाली, दुसरें लिहिण्याची भूकच उरली नाहीं. दुसरा इशारा असा कीं, आपल्या कृतीस फार थोर मानूं नये. पक्षपातानें गुण हे दोष व दोष हे गुण दिसूं लागतात. हा पक्षपात लेखकाचाच असतो असें नाहीं. लेखकाच्या आईचा असतो, आणि गुरुजी म्हणविणाऱ्या सासऱ्याचाही असतो.

आतां परक्याकडे, म्हणजे संपादकाकडे, वळूं. वाचून पारख करणाऱ्या माणसास राजशेखर 'भावक' म्हणतो व त्याचे चार प्रकार सांगतो. ज्यास कांहींच रुचत नाहीं तो अरोचकी. जो गवतासकट सगळेंच गिळतो तो सतृणाभ्यवहारी. ज्यास दुसऱ्याचा गुण पाहवत नाहीं तो मत्सरी. आणि जो लिखाणाच्या गाभ्यापर्यंत जातो तो तत्त्वाभिनिवेशी. हा चौथा हजारांत एखादा, असें तो म्हणतो. घरांतील वाचक बहुतेक दुसऱ्या वर्गांतले असतात, यांत त्यांचा दोष नाहीं. प्रेमाचें तें लक्षणच आहे. नव्या लेखकानें शोधावयाचा तो चौथा. तो प्रत्येक मासिकांत असेलच असें नाहीं. पण मराठींत असे संपादक होऊन गेले आहेत. १९३३ सालीं निघालेलें व १९८२ सालीं बंद झालेलें 'सत्यकथा' मासिक घ्या. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे त्याचे संपादक नवोदितांस सविस्तर पत्रें लिहीत, कथेंत कोठें काय अडतें तें सांगत, व पुन्हां लिहावयास लावीत. असें पत्र येणें म्हणजे नकार नव्हे. ज्यानें दोन प्रश्न विचारले त्यानें कथा खरोखर वाचली, एवढें ओळखावें व त्या प्रश्नांचीं उत्तरें कथेंत द्यावीं.

कोणत्या मासिकाकडे पाठवावें, याचें उत्तर एकच : जें आपण वाचतों त्याकडे. ज्या मासिकाचे निदान सहा अंक आपण पाहिले नाहींत, त्यास कथा पाठविणें म्हणजे अनोळखी घरीं जेवणाच्या वेळीं जाण्यासारखें आहे. कोणतें नियतकालिक किती लांबीची कथा छापतें, कविता मागवितें कीं नाहीं, विनोदाचें त्यास वावडें आहे काय, हें अंक चाळल्यानें कळतें. का. र. मित्र यांनीं आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक १९०९ सालीं काढला, तेव्हांपासून दिवाळी अंकांची चाल मराठींत पडली. आज असे अंक दरवर्षीं शेंकडों निघतात, व नव्या लेखकास शिरकाव होण्याची ती मोठी जागा आहे. मात्र दिवाळीचें साहित्य दसऱ्याला पाठवून चालत नाहीं. आषाढ संपण्यापूर्वीं तें संपादकाच्या हातीं असावें. गणपति येतात तोंवर बहुतेक अंकांचीं पानें भरलेलीं असतात.

पाठविण्याच्या रीतीविषयीं थोडें सांगतों. लिखाण यूनिकोड टंकांत असावें. जुन्या पद्धतीच्या टंकांतील फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली असतां नुसतीं चिन्हें दिसतात. पानांस क्रमांक घालावे, व पहिल्या पानावर नांव, पत्ता, दूरध्वनि द्यावा. शुद्धलेखनाच्या बाबतींत आमच्या या लेखांतील जुने अनुस्वार पाहून कोणीं फसूं नये. ती सवय आम्हांस पाठशाळेंतील शास्त्रीबुवांनीं लावली, आणि या मासिकाचे संपादक ती म्हातारपणाचा हट्ट म्हणून चालवून घेतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ सालीं मान्य झाले व १९७२ सालीं त्यांत चारांची भर पडली. नवोदितानें त्या अठरा नियमांप्रमाणेंच लिहावें. एक लिखाण एका वेळीं एकाच मासिकाकडे पाठवावें. दोन-तीन महिने उत्तर न आल्यास एकच सौजन्याचें स्मरणपत्र धाडावें, व तरीही उत्तर नसल्यास कळवून दुसरीकडे पाठवावें. संपादकांच्या मोबाइलवर रोज सकाळीं सुप्रभात पाठविल्यानें कथा लवकर छापून येत नाहीं.

सोबतच्या पत्रांत 'मला बालपणापासून लेखनाची आवड आहे, माझ्या सर्व नातेवाइकांनीं या कथेची स्तुति केली आहे' असें आम्ही वारंवार पाहतों. नातेवाइकांच्या स्तुतीचें परक्यास काय होय? सूनबाईंचें पत्र आम्हीं मागाहून मागून वाचलें. तें इतकेंच होतें : "स. न. वि. वि. सोबत 'पेटी' ही कथा विचारार्थ पाठवीत आहे. शब्द सुमारे अठराशे. ती पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नाही व सध्या अन्यत्र पाठविलेली नाही. आपल्या अंकांत जुन्या घरांतील बायकांविषयीच्या कथा मी वाचत आले, म्हणून ही आपल्याकडे पाठवावी असे वाटले. नकार असल्यास तसे कळवावे. कळावे." पांच ओळींत परक्यास लागणारें सारें त्यांत आहे, आणि न लागणारें कांहीं नाहीं.

कथेवरून पुस्तकाकडे गेलें म्हणजे व्यवहार वाढतो, आणि येथें 'एजंट' या माणसाचें नांव निघतें. लेखक व प्रकाशक यांच्यामधील हा व्यावसायिक मध्यस्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत लंडनमध्यें ए. पी. वॉट यांनीं हा धंदा नांवारूपास आणला. किपलिंग व कॉनन डॉइल यांच्यासारखे लेखक त्यांच्याकडे होते, व लेखकास मिळालेल्या पैशाचा दहावा हिस्सा ते घेत. आज इंग्लंड-अमेरिकेंत हा हिस्सा बहुधा शेंकडा पंधरा, व परदेशी हक्कांवर वीस असतो. तेथील मोठे प्रकाशक कादंबरी बहुतकरून एजंटाच्या हातूनच घेतात. आपल्या घरांतील मुलें आतां पुण्या-मुंबईंत व परदेशीं इंग्रजींतून लिहितात, म्हणून त्यांस हें ठाऊक असावें. एजंटास प्रथम एका पानाचें पत्र लिहावयाचें असतें : पुस्तक कशाविषयीं, केवढें, कोणत्या वाचकासाठीं, व आपण कोण. त्याच्या मागणीप्रमाणें कथानकाचा गोषवारा व आरंभींचीं प्रकरणें जोडावयाचीं. नव्या लेखकानें कादंबरी पुरी लिहून झाल्यावांचून हें पत्र मुळींच पाठवूं नये. कारण आरंभ आवडला तर दुसऱ्याच दिवशीं उरलेली मागतात. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचें हस्तलिखित पंकज मिश्रा यांनीं वाचून इंग्लंडला पाठविलें, आणि तेथील एजंट डेव्हिड गॉडविन तें वाचून थेट विमानानें दिल्लीस आले; पुढें १९९७ सालीं त्या पुस्तकास बुकर पारितोषिक मिळालें. अशी गोष्ट क्वचित् घडते; पण घडली तेव्हां कादंबरी पुरी झालेली होती, हें विसरूं नये.

मराठींत एजंटाची चाल फारशी नाहीं. लेखक प्रकाशकास स्वतःच लिहितो. परंतु मध्यस्थ आपल्याकडे नव्हते असें मात्र नाहीं. बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या घरच्यांनीं टिपून ठेवल्या. १९५१ सालीं त्या वारल्यावर त्यांचे पुत्र, कवि सोपानदेव, यांनीं त्या आचार्य अत्रे यांस दाखविल्या, आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपानें निघाल्या. सोपानदेवांनीं आईचे शब्द आपल्या पांडित्यानें धुवून काढले असते तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही हल्लीं वारंवार करतों. मध्यस्थानें कृति पोंचवावी. ती आपली करूं नये.

मध्यस्थाची किंवा प्रकाशकाची एक खूण पक्की ध्यानांत ठेवावी : पैसा लेखकाकडे येतो, लेखकाकडून जात नाहीं. हें आम्ही स्वतः साठ हजार रुपये घालवून शिकलों. सेवानिवृत्तीनंतर सुभाषितांवर लिहिलेले आमचे निबंध एका प्रकाशकाकडे पाठविले. दोन दिवसांतच दूरध्वनीवरून स्तुतीचा वर्षाव झाला. तीनशें पानांचें हस्तलिखित कोणी दोन दिवसांत वाचतें काय, हा प्रश्न पस्तीस वर्षें मुलांचे पेपर तपासणाऱ्यास तरी पडावयास हवा होता; पण स्तुति कानांत गेली कीं प्रश्न बाहेर राहतात. सर्व दुकानांत पुस्तक जाईल असें आश्वासन मिळालें. तीनशें प्रती आमच्या घरीं आल्या, दुकानांत एकही दिसली नाहीं. सुमारें दोनशें प्रती अद्याप माळ्यावर आहेत. सूनबाईंस त्या कथेचें मानधन बाराशें रुपये आलें होतें. कोणाचा व्यवहार शहाणपणाचा, हें सांगणें नलगे. आप्तेष्टांस वाटण्यासाठीं कोणीं आपल्या खर्चानें पुस्तक छापून घेतलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. पण तें छपाईचें काम आहे असें समजून दर विचारावा, सन्मान समजून नव्हे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देण्याची योजना आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षाच्या निवेदनांत पाहून तिकडेही अर्ज करावा.

सही करण्यापूर्वीं कायदा थोडा जाणून घ्यावा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें लिखाणावरील हक्क लिहितांच लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाहीं. हा हक्क लेखकाच्या हयातींत व मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी करार व सही लागते. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें, व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असें कायदा मानतो. घेतलेला हक्क प्रकाशकानें वर्षभरांत वापरला नाहीं तर, करारांत वेगळें ठरलें नसल्यास, तो परत येतो. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द दिसले कीं लेखणी खालीं ठेवावी व मुदत, प्रती, मानधनाचा टक्का, भाषांतराचे व चित्रपटाचे हक्क यांविषयीं एकेक विचारावें. विचारल्यानें सज्जन प्रकाशक रागावत नाहीं. राजशेखरासही ही भीति ठाऊक होती : नवें काव्य एकट्या माणसापुढें वाचूं नये, तो तें आपलेंच म्हणूं लागला तर साक्षीदार कोठून आणणार, असें तो बजावतो. त्याचे दुसरें सांगणें कीं, पुऱ्या झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती करून ठेवाव्या. अठरा अधिकरणांचा म्हणून योजिलेल्या त्याच्या ग्रंथाचें आज पहिलें अधिकरण तेवढें आपल्या हातीं आहे. यापरता मोठा धडा कोणता? एक प्रत घरांत, एक संगणकाबाहेर, एक दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे, आणि पाठविलेल्या ई-मेलची तारीख जपून.

शेवटीं घरच्यांस दोन शब्द. राजशेखर म्हणतो कीं, पुरुषांप्रमाणें स्त्रियाही कवि होतात. संस्कार आत्म्याच्या ठायीं असतो, तो स्त्री-पुरुष हा भेद पाहत नाहीं. आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचीं मतें तो ग्रंथांत आदरानें देतो. हें वचन आम्हीं टिपणवहींत सुवाच्य अक्षरांत उतरून घेतलें होतें; आणि त्याच घरांत सूनबाई रात्रीं साडेदहानंतर ओट्यावर वही ठेवून उभ्यानें लिहीत होत्या. आत्यानें पेटींत लपवून लिहिलें, सूनबाईंनीं पेटी नसतांना लपविलें, एवढाच काय तो फरक. लिहिणाऱ्या माणसास घरच्यांची स्तुति फारशी उपयोगाची नाहीं. त्याला दिवसांतला एक तास, बसावयास एक जागा, आणि त्या तासांत हांक न मारण्याचा निग्रह हवा असतो.

आतां दुपारीं तीन ते चार आमचें टेबल सूनबाईंचें असतें. त्या वेळचा चहा आम्ही करतों; साखर कधीं कधीं कमी पडते, पण त्याविषयीं कोणी बोलत नाहीं. नवी कथा आली कीं आम्ही तांबडी शाई काढीत नाहीं; पेन्सिलीनें समासांत प्रश्न तेवढा लिहितों. गेल्या कथेवर तीन प्रश्न लिहिले, दोहोंचीं उत्तरें कथेंत आलीं, आणि तिसऱ्यापुढें त्यांनीं लिहिलें, "हे वाचकाला कळेल, मामंजी." कळलें कीं नाहीं तें संपादक सांगतील, कथा सध्यां त्यांच्याकडे आहे.

हा लेखही आम्हीं पाठविण्यापूर्वीं त्यांस वाचावयास दिला होता. सरस्वतीच्या वीणेपासून कमलवनापर्यंत पोंचणारा पहिला परिच्छेद त्यांनीं पेन्सिलीनें गोल केला व समासांत 'अधिक' एवढाच शब्द लिहिला. लेख आतां दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो.